कुंकवाची वायर

वरूड, दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

शेडमध्ये संत्र्यांचे दोन वजनकाटे, दोन्ही एकाच लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडलेले. लाईट जाऊन आली की जो काटा आधी सापडेल त्याला कॉम्प्युटर शून्य म्हणायचा, दुसऱ्याला एक. मग वजनाच्या चिठ्ठ्या उलटसुलट. म्हणून मागच्या आठवड्यात मी शेडच्या पूर्व-पश्चिम दारांवरून काट्यांना नावं दिली, उगवता आणि मावळता. दोन्ही वायरी सारख्या, त्यांना स्वतःचा नंबरही नाही, म्हणून नाव कॉम्प्युटरच्या ज्या खाचेत वायर जाते त्या खाचेला बांधलं. तेव्हा स्वतःवर बराच खूश होतो.

आज मोर्शीच्या गजाननभाऊंनी चिठ्ठी पुढे धरली. "माहा माल एवढा कमी कावून भरला?" त्यांचं वजन दुसऱ्याच्याच चिठ्ठीवर निघालं होतं.

काट्यावरच्या सुशीलाबाईंना विचारलं. "काल पूजेसाठी समदं पुसलं नं. वायरी काढल्या, परत लावल्या."

"कोणती कुठं?"

"मले काय मालूम? दोनी सारख्याच."

बरोबर आहे. नावं मी दिली, पण कॉम्प्युटरच्या आत. वायर हातात धरणाऱ्या बाईला ती दिसणार कुठून? हे मला का सुचलं नाही?

मी वायरींची अदलाबदल करून त्या आपापल्या खाचेत लावल्या. मग बाईंनीच तेलात कुंकू कालवून एका वायरीला आणि तिच्या खाचेला बोट लावलं, दुसऱ्या जोडीला हळद. चिठ्ठ्या बरोबर निघाल्या. मी फाइल उघडून माझी नावं खोडली आणि कुंकू, हळद अशी लिहिली.

आता वायर मलाही ओळखू येते.