कोपऱ्यातलं बुजवलेलं भोक

अण्णा, तुमच्या लाडक्याचा कनेक्टर पास झाला. माझा नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला हे सांगतानाही माझा जळफळाट होतोय.

आमचा एक गट आहे. आम्ही सर्किट बोर्डांची डिझाइनं बनवतो आणि कोणालाही वापरायला मोकळी ठेवतो. पण प्रत्येकाचा जोड वेगळा, त्यामुळे एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या बोर्डावर बसत नाही. म्हणून सगळ्यांसाठी एकच कनेक्टर ठरवायचा होता. शेवटी दोनच उरले, माझा आणि त्याचा. तोच तो, भोसरीच्या आपल्या शेडमध्ये मशीनची कार्डं दुरुस्त करायला तुम्ही ठेवलेला लातूरचा पोरगा. आता चाकणला त्याची स्वतःची कंपनी आहे आणि मीटिंगला गॉगल डोक्यावर चढवून येतो. माझा कनेक्टर देखणा होता. पिना जास्त, जागा कमी, आणि कुठली बाजू कुठे हे कळावं म्हणून पांढरा बाण छापलेला. त्यानं कोपऱ्यातली एक पिन काढून टाकली आणि समोरचं भोक बुजवलं, म्हणजे उलटा लावला तर अडावा, बस्स. वर सगळ्यांना ऐकवलं, "आमचे अण्णा म्हणायचे, डोळं मिटून लाव. उलटं बसलं तर चूक लावणाऱ्याची न्हाई, बनवणाऱ्याची." लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'आमचे' अण्णा! मी तिथंच बसले होते, तुमचं आडनाव लावून.

हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा मला ऐकवलं होतं. त्या दिवशी कॉलेजचा माझा बोर्ड घेऊन मी शेडवर आलेय. तुम्ही डोळे मिटता, चाचपडत तो लावता, आणि तो अगदी आरामात उलटा बसतो. बटण दाबलं की धूर. "बाण काढलाय की मी," मी म्हणते. "अंधारात बाण दिसतो व्हय?" तुम्ही म्हणता, आणि तुमचा लाडका तुमच्या मागे उभा राहून हसतो. बोलणी मी खाल्ली, शिकला तो. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला पेन आणलंत, खोक्यातलं, रिबीन बांधलेलं. त्याला मात्र कार्डं दुरुस्त करायचा तुमचा चिमटा दिलात, सायकलची ट्यूब गुंडाळलेला. "तुला गं काय करायचाय तो?" आई ओट्यापाशी म्हणाली होती. मला तोच हवा होता, अण्णा. परवा मीटिंगमध्ये त्यानं तो खिशातून काढला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले.

आमच्याकडे रीत अशी की ज्याचा नमुना मागे पडला, त्यानंच दुसऱ्याचा तपासून होकार द्यायचा. काल रहाटणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी डोळे मिटले आणि त्याचा कनेक्टर लावला. सरळ बसला. फिरवून लावला, अडला. 'चालेल' असं गटाला कळवून टाकलं. हे पत्र कुठं पाठवणार? शेडमध्येही आता दुसऱ्याच कोणाचं काम चालतं. पण गटाला एक गोष्ट कळवली नाही, ती तुम्हाला सांगते. तपासून झाल्यावर मी डोळे उघडले आणि तो एकदा तरी उलटा बसावा म्हणून अंगठा लाल होईपर्यंत दाबत राहिले. नाही बसला, अण्णा.