फुगे कोण फोडतं?

३ फेब्रुवारी १९८६

मिळाली खोली! पुढची, रस्त्याकडची! सासूबाईंनी जेवता जेवता सांगून टाकलं, "रमजानचा चांद दिसेपर्यंत खोली खैरुनची. फुगे फुगव नाहीतर फोड. नाही चाललं तर मदीनाची मशीन तिथं बसेल. मग रडायचं नाही."

अम्मी तोंडानं कडक, पण दिली खोली. आता वाढदिवस, बारसं, लग्न — जव्हारात कोणाकडे काहीही असो, फुग्यांची कमान खैरुनची!

मदीनाभाभी, माझी मोठी जाऊ, समोरच बसली होती. तीच खोली तिलाही हवी होती, शिवणाला. ईदचे कपडे सगळे रमजानातच शिवायला येतात, आणि ती बिचारी मशीन घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसते, धुरात. मोठे दीर भिवंडीला कापडाच्या मागावर कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येतात. तर एवढं सगळं असून ती हसली. म्हणाली, "बरं झालं हो, खैरुन."

एवढंच! जिची खोली गेली ती इतकं गोड बोलते? मला नाही पटत.

ही वही पिठाच्या डब्यामागे ठेवणार. भाभी म्हणते तिला मराठी वाचता येत नाही. म्हणते!

९ फेब्रुवारी

हे मुंबईला टायर-ट्यूब आणायला गेले होते, येताना फुगे घेऊन आले. लाल, पिवळे, निळे, आणि काही लांबडे दुधीसारखे. सायकलच्या दुकानातला जुना पंपही दिला मला. तोंडानं फुगवून फुगवून माझे कान दुखायला लागले होते.

कमानीसाठी बांबूच्या कामट्या गौराबाईनं आणल्या. पोशेऱ्याची आहे, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात भाजी विकते. फुगे बघून म्हणाली, "बाय, वारा भरून इकतंस? मना बी शिकव. आमचे डोंगरावर लय वारा हाय!"

हसले खरी. पण खरंच शिकली तर? कामट्या तिच्या घरच्या. हिच्यापुढे गाठ कशी मारते ते दाखवायचं नाही.

२२ फेब्रुवारी

पहिलं काम! डॉक्टरांच्या मुलीचा वाढदिवस. अंगणात दारावर कमान केली. काय दिसत होती! रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. कोणी म्हणालं, "वा!" कोणी म्हणालं, "ही रफीक सायकलवाल्याची बायको ना?"

आणि केक कापायच्या आधी — फट्‌! मग अजून एक. मग चार-पाच लागोपाठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उन्हानं झालं असेल हो." उन्हानं! ऊन काय आज पहिल्यांदा पडलं?

घरी येऊन चुलीपाशी बसले आणि रडले. चांगली रडले. "माझ्या कामाला नजर लागली, भाभी," असं पण म्हणून गेले. भाभी भाकरी थापत होती. हात थांबला तिचा. माझ्याकडे बघत राहिली.

मनात म्हणाली असेल — आली खोली हातात!

४ मार्च

भाभीनं विचारलं, "पुढचं काम कधी आहे?"

तिला काय करायचंय?

१९ मार्च

एक गोष्ट लिहून ठेवते. भाभी बाजारातून लिंबं आणते. गौराबाईकडून, निवडून निवडून. इतका उन्हाळा, म्हणून मी आज सरबताला एक मागितलं. म्हणाली, "संपली." सकाळी आणलेली! अम्मींनाही दिलं नाही.

लोणचं घालून माहेरी मोखाड्याला पाठवत असणार. एस.टी.तून पाठवायला काय लागतं? मोखाड्याच्या सगळ्या गाड्या तिला तोंडपाठ. आमच्यापैकी कोणाला कुठं जायचं झालं की आम्ही तिलाच विचारतो. आणि लिंबू मागितलं तर संपलं!

लिंबासाठी नाही वाईट वाटलं. तोंडावर खोटं बोलली, ते लागलं.

३० मार्च

शरीफभाईंच्या नव्या कापडदुकानाची सुरुवात. कमान मोठी होती. भाभी आपणहून आली मदतीला. मी बोलावलं नव्हतं! "तू पुढून बघ, मी मागनं कागदाची झालर लावते," म्हणाली आणि कमानीच्या मागे जाऊन बसली. बराच वेळ.

ह्या वेळी मी सावली बघून कमान बांधली होती. ऊन नाव घ्यायला नव्हतं. तरीही माणसं जमली, वारा सुटला, फुगे हलायला लागले आणि सुरू झालं — फट्‌! फट्‌! आणि फुटले ते मधले. जिथं भाभीचा हात होता, तिथलेच!

शरीफभाई म्हणाले, "मुहूर्ताला फटाकेपण मिळाले." सगळे हसले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

वर भाभी म्हणते, "तू दमलीस, घरी जा. कमान मी सोडवून आणते." मला हातही लावू दिला नाही कमानीला. का?

३१ मार्च

आज दिवेलागणीला भाभी घराबाहेर पडली. पदराखाली काहीतरी होतं. मी ओट्यावरून बघत होते. तिठ्याकडे गेली. "भाभी!" म्हणून हाक मारली. मोठ्यानं! वळून बघितलं नाही. पुन्हा मारली. तरी नाही! ताठ मान करून घरात आली, हात रिकामे, माझ्या शेजारून आत.

"कुठं गेला होतात?"

"पाय मोकळे करायला."

ऐकू येत नाही का तुम्हाला, असं विचारणार होते. पण चोराच्या मनात चांदणं! ती मुद्दामच ऐकत नव्हती. काय नेलं असेल पदराखाली? माझे फुगे तर नाहीत?

खोलीत जाऊन बघितलं. फुगे आहेत. आहेत असं वाटतं.

९ एप्रिल

हे म्हणतात मी फार संशय घेते. "भाभीनं आपल्या लग्नात तुझे सगळे कपडे शिवले, आठवतं का?" म्हणाले.

म्हणजे ह्यांनाही तिनं काहीतरी सांगून ठेवलंय.

१६ एप्रिल

तलाठ्यांच्या नातवाचं बारसं. पाळण्यावर कामटीचं गोल कडं, त्याला लाल फुगे, खाली कागदाची झालर. सकाळपासून खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. कोणाला आत येऊ दिलं नाही. पण तिथं गेल्यावर भाभी हजर! "पाळण्यावरच्या गाठी मी मारते, माझी बोटं बारीक आहेत." बायकांपुढे नाही कसं म्हणणार? म्हटलं, मारा.

पाळणा म्हणून झाला. आत्या पोराच्या कानात नाव सांगायला वाकली, आणि बरोबर तेव्हाच — फट्‌! तिच्या डोक्यावर! पोरानं जी किंकाळी फोडली! मग एकामागून एक. पाळणा हलतोय, फुगे फुटताहेत, पोर रडतंय, बायका ओरडताहेत. तलाठ्यांच्या आई म्हणाल्या, "सोडा ते आधी! कसला अपशकुन आणलाय घरात!"

अपशकुन! मी! माझ्या फुग्यांना अपशकुन म्हणाल्या!

मी फुटलेल्या चिंध्या गोळा करायला पाळण्याखाली वाकले. आणि मला सापडली. सुई. काळा दोरा ओवलेली. शिवणाची सुई!

आमच्या घरात शिवण कोण करतं? पोराच्या अंगावर पडली असती तर?

ह्या वेळी कडं मीच उचललं. भाभी म्हणत होती "मी नेते, मी नेते." हिसकून घेतलं तिच्या हातातून. घरी आणून तसंच माळ्यावर भिरकावलं. बघवत नव्हतं मला ते.

१७ एप्रिल

विचारलं. अम्मींसमोर, ह्यांच्यासमोर. सुई ताटात ठेवली आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"ही कोणाची?"

तिनं बघितलं. "माझीच."

"पाळण्यापाशी कशाला नेली होती? फुगे फोडायला?"

तिचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडलं, काहीतरी सांगणार होती. मग मिटलं. शेवटी म्हणाली, "सुई माझी आहे, खैरुन. पुढचं मला विचारू नकोस."

"का नको? खोलीसाठी केलंत ना? सरळ सांगा!"

अम्मी म्हणाल्या, "मदीना, नाही म्हण. एकदा नाही म्हण, मी विश्वास ठेवते." तरी गप्प. डोळ्यांतून पाणी, पण शब्द नाही.

माझ्यावर असा आळ आला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. खऱ्या माणसाला गप्प बसवतं का?

१८ एप्रिल

गेली. मोखाड्याला, माहेरी. ह्यांनी मशीन गाडीच्या टपावर चढवून दिली. अम्मी जेवल्या नाहीत.

निघताना उंबऱ्यात माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "तुझ्या कामाला कोणी छान म्हटलं, तर माशाअल्लाह म्हणायला सांगत जा, म्हणजे नजर लागत नाही."

जाता जाता टोमणा!

२६ एप्रिल

घरात कोणी बोलत नाही. हे दुकानातून उशिरा येतात. अम्मी जपाची तसबीह घेऊन बसतात. फुगे फुगवताना पंपाचा आवाज तेवढा होतो.

माझं काय चुकलं? सुई सापडली नव्हती का?

२ मे

खोडाळ्याचं लग्न! एकही फुटला नाही. एकही नाही!!

मांडवाच्या दाराला कमान, नवरा-नवरीच्या मागे फुग्यांचा मोर, दोन्ही मीच एकटीनं केले. हळदीपासून नवरी निघेपर्यंत सगळे फुगे जसेच्या तसे. मांडवाबाहेर ऊन होतं, वारा होता, बँड कानठळ्या बसवत होता. आजूबाजूच्या पाड्यांवरून बायका नुसता मोर बघायला आल्या. नवरदेवाची आई म्हणाली, धाकट्याच्या लग्नालाही तूच यायचं.

आता बोला! भाभी होती तेव्हा फुटत होते, भाभी गेली, फुटायचे थांबले. अजून कोणाला पुरावा हवा?

घरी येऊन अम्मींना सांगितलं. "बरं," म्हणाल्या. बास.

स्वयंपाकघराच्या दाराशी मशीनची जागा रिकामी आहे. जाता-येता तिथं पाय अडखळायचा, आता अडखळत नाही. मला आनंद व्हायला हवा. होत नाही. ह्याचाच राग येतो.

८ मे

गौराबाई दारात आली. पाटी उतरवली आणि विचारलं, "बाय, तुनी जाव कठं हाय? तिची लिंबं आणलींत. बिनडागाची."

"माहेरी गेली. लिंबं कशाला तिला?"

गौराबाई पाटीपाशी खाली बसली. म्हणाली, "तुना म्हाइत नाय? आता ती नाय हितं तं सांगतं. तुने फुग्यांसाठी नेत होती. त्यांना नजर लागली म्हणून तू लय रडलीस ना? लिंबात मिरची ओवायची, काळे दोऱ्यानं, नि फुग्यांत बांधायची, कोणाला दिसं नाय अशी. मग तिठ्यावर टाकून यायची. मागं बघायचा नाय. कोणाशी बोलायचा नाय. बोलला का उलटतं, जिच्यासाठी केला तिच्यावरच उलटतं."

मी म्हटलं, "खोटं आहे. नजर काढत होती तर फुगे फुटत का होते?"

"ती बी मना तंच इचारायची. फुटलं का म्हणायची, नजर लय मोठी हाय, दोन लिंबं जादा दे."

गौराबाईलाही शिकवून ठेवलंय! मोखाड्यातून निरोप पाठवला असणार. लिंबाचा आणि फुग्याचा काय संबंध? विश्वास पानिपतात गेला म्हणतात ते काही उगाच नाही.

लिंबं ठेवून घेतली. का ते मला माहीत नाही.

१० मे

चांद दिसला. अम्मी म्हणाल्या, "खोली तुझी."

माळ्यावरून बारशाचं कडं काढलं. झालरीच्या आत लिंबू होतं. सुकलेलं, काळ्या दोऱ्यात, मिरच्यांसकट. सालीला लाल रबर चिकटलेलं.

गौराबाईचं ताजं लिंबू घेतलं. सुईनं टोचलं, तसा सालीचा तेलकट रस बाहेर आला. एक फुगा फुगवला आणि साल नुसती टेकवली. फट्‌! दुसरा फुगवला. फट्‌!

तिनंच फोडले. ते टिकावेत म्हणून. आणि माझ्यावर उलटू नये म्हणून त्या दिवशी गप्प बसली. खोली तिला हवी होती. तरी.

मोखाड्याची पहिली गाडी किती वाजता असते? घरात सगळ्यांना विचारलं. कोणालाच माहीत नाही.