इंदू, वय चोवीस

६ जानेवारी २०२५, सोमवार

दोन रेघा.

दुसरी जरा फिकी वाटली म्हणून किट खिडकीपाशी उजेडात नेलं. तिथेही दोनच. अकरा वर्षं झाली मला आशाताई होऊन. गावातल्या किती बायकांना मी ही पट्टी वाचून दाखवली असेल. कुणाला हसू येतं, कुणाला रडू. मला शिंक आली!

वय एकोणचाळीस. सुप्रिया बारावीला, ऋषिकेश आठवीत. गावभर निरोध वाटते मी, त्यांचा डबा माझ्याच कपाटात, आणि साधन फेल कुणाचं गेलं — तर आशाताईंचं. वा, छायाबाई!

मला नको आहे. इथे एकदा स्पष्ट लिहून ठेवते. ऋषिकेशच्या वेळी रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या होत्या. पण त्या चढवल्या नसत्या तरी नकोच होतं.

७ जानेवारी

ह्यांना सांगायचं का? ह्यांचं हायवेच्या चौकात गॅरेज आहे. तिथला पंक्चर झालेला टायर जितकी हवा धरतो तितकीच गुपितं हे धरतात. सुप्रियाची दहावीची मार्कं तिच्याआधी हायवेवरच्या ढाब्यांना कळली होती. शिवाय पुतणीचं बाळ मांडीवर घेऊन बसतात आणि "घरात लहान मूल पाहिजे गं" म्हणून उसासे सोडतात. म्हणजे हे आधी हो म्हणणार, मग चौकात पेढे वाटणार आणि शेवटी मला विचारणार.

सासूबाईंचा तर प्रश्नच नाही. चार मुलगे त्यांना, पण सगळा जीव धाकट्यावर, म्हणजे आमच्या ह्यांच्यावर. सणाला चौघे भाऊ पंगतीला बसले की तिघांना भाकरी आणि "माज्या मोरू"ला भाकरीवर तूप. बेचाळीस वर्षांच्या माणसाला अजून माशातले काटे काढून देतात! मोठे दीर तोंडावर विचारतात, "आये, आमी काय भाड्यानं आणलेलो?" त्या मोरूला आणखी तूप वाढतात. अशा बाईला सांगायचं की तुमच्या मोरूचं मूल मला नको? त्यापेक्षा मी विहिरीतल्या मोटारीला जाऊन सांगेन.

८ जानेवारी

मोठा घोटाळा केला.

उपकेंद्राच्या हाजरा सिस्टर न सांगता तपासणीला आल्या. दहा किट दिलेली, सात शिल्लक, रजिस्टरात दोनच नावं. "छाया, एक कुठे गेलं?" मी म्हणाले, वापरलं. "नाव?" माझ्या डोक्यात एकही नाव येईना. समोर सासूबाई लसूण सोलत बसलेल्या. तोंडातून निघालं, "इंदू."

"वय?"

"चोवीस."

"कुठली इंदू?"

"वीटभट्टीकडं... भाड्यानं आलीय."

"रिझल्ट?" इथे तरी खोटं बोलावं की नाही! पण अकरा वर्षांची सवय. म्हणाले, "पॉझिटिव्ह." मग मोबाईल नंबर मागितला. मला पाठ असलेला नंबर एकच, दर महिन्याला मीच रिचार्ज मारते तो. सासूबाईंचा.

सिस्टरनी तिथल्या तिथे सगळं टॅबमध्ये भरलं.

९ जानेवारी

भिसेगावातल्या एका नर्सिंग होमला फोन केला. "आमच्या गावातल्या एका बाईसाठी विचारतेय." पलीकडची मुलगी एका दमात म्हणाली, बारा हजार पॅकेज, सोनोग्राफी वेगळी, मिस्टरांची सही मस्ट. मी म्हणाले, अहो, कायद्यात नवऱ्याची सही कुठेच नाही. ती म्हणाली, "कायद्यात नसेल मॅडम, आमच्याकडे पद्धत आहे."

मग ह्यांच्या मेडिक्लेमवाल्या मुनाफभाईंना विचारलं. पुन्हा "गावातली एक बाई". ते म्हणाले, "भाभी, ह्या पॉलिसीत डिलिव्हरीच नाय, तर हे कुठून असणार? जिवाला धोका वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या मर्जीनं केलं तर नाय देत." म्हणजे माझी मर्जी सोडून बाकी सगळ्याचा विमा आहे.

कंपनीत जाणाऱ्या बायकांना मी सांगत असते, गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा मिळते, सोडू नका. मला पगारच नाही, मानधन आहे. मानधनाला रजा नसते.

१० जानेवारी

आज गावच्या बायकांची महिन्याची बैठक. विषय कोणता होता? सुरक्षित गर्भपात! वरूनच ठरून आलेला. मी नेहमीचं घडाघडा म्हटलं. बाई अठराच्या वरची असेल तर तिची एकटीची सही पुरते — नवरा नको, सासू नको, सरपंच नको. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, त्यापुढे चोवीसपर्यंत ठरावीक कारणांसाठी दोघांचं. गोळ्यांनी व्हायचं तर नऊ आठवड्यांच्या आत, तेही डॉक्टरकडूनच. साधन फेल गेलं हे कारण चालतं. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. नाव गुप्त राहतं.

बायका हसल्या, लाजल्या, चहा प्याल्या. सासूबाई खांबाला टेकून झोपलेल्या. दर बैठकीला येतात आणि बिस्किटं वाटायची वेळ झाली की बरोबर जाग्या होतात.

बोलताना मनात माझे आठवडे मोजले. साडेसहा.

११ जानेवारी

मुनाफभाईंनी ह्यांना सांगितलं की भाभी पॉलिसीची चौकशी करत होत्या. झालं! ह्यांना वाटतंय, दवाखान्याच्या ओळखीतून मला ह्यांच्या तब्येतीचं काहीतरी कळलंय. आज पहाटे उठून फिरायला गेले. दुपारी सुकट नको म्हणाले. जेवताना माझ्याकडे बघून म्हणाले, "छाया, जे असंल ते सांग. मी मनाची तयारी केलीय."

सासूबाई हबकल्या. मोरूने सुकट सोडली!

१३ जानेवारी

सरकारी रुग्णालयात गेले. कुठल्या ते इथेही लिहीत नाही, गुप्त म्हणजे गुप्त.

तिथे शंभर बायकांना हाताला धरून नेलंय मी. "घाबरायचं नाही गं, खिडकीवर स्पष्ट बोलायचं" — हे माझंच वाक्य. खिडकीवरच्या माणसाने केसपेपर ओढला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "कशासाठी?"

मी म्हणाले, "बीपी."

बीपी तपासलं. भीतीने वाढलेलंच होतं. पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी आले. आता ह्यांना वाटतंय त्या गोळ्या ह्यांच्यासाठीच आहेत.

स्वतःचा इतका राग आला की एसटीत डोळे पुसत होते.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारची जनाकाकू म्हणाली, "छाया, तोंडावर काय तेज आलंय गं!" तेज नाही, मळमळ.

१६ जानेवारी

व्हायचं तेच झालं.

मी भाकऱ्या थापत होते. ओटीवर सासूबाईंचा फोन वाजला. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर कायम मोठ्याने. एका बाईचा गोड आवाज घरभर घुमला — "नमस्कार, इंदूताई! आपण आई होणार आहात. हार्दिक अभिनंदन!"

सासूबाई म्हणाल्या, "कोन बोलतंय?"

"पहिल्या तीन महिन्यांत भरपूर विश्रांती घ्या."

"अगं बये, सासष्ट वर्साची हाय मी!"

"मोड आलेली कडधान्यं आणि शेंगदाणे खा."

"कशानं खाऊ? दात तुजा बाप देनार?"

टॅबमध्ये नंबर भरला की सरकारकडून येतो तो फोन. आवाज रेकॉर्डवरचा होता, थांबतोय कशाला! "आपल्या पतींनाही या आनंदात सहभागी करून घ्या," असं म्हणाला मात्र, सासूबाईंनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघितलं आणि फोन बंद केला.

मग चुलीपाशी येऊन बसल्या. माझी भाकरी तव्यावर करपली. आणि मग बोटावर मोजायला लागल्या. "इंदू मी. नंबर माजा. रजिष्टर तुजं. सुकट भाजली का मागल्या दारी पळतेस तू. मंग प्वाट कोनाचं?"

मी रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं — नको आहे, बीपी, बारा हजार, सगळं. त्यांनी करपलेली भाकरी कुत्र्याला टाकली. म्हणाल्या, "मोरूला बोलू नको. त्याच्या पोटात काय ऱ्हात नाय." आणि पुढे, "तुज्यात ऱ्हातं, त्योच घोळ."

हे वाक्य आठवून आत्ता लिहितानाही हसतेय मी.

१७ जानेवारी

हाजरा सिस्टर दारात. "चल छाया, त्या इंदूला भेटून येऊ. पहिली तपासणी राहिलीय."

सासूबाई पुढे झाल्या. "मीच इंदू. तपासा."

सिस्टरनी त्यांना खालून वर बघितलं. मग मला बघितलं, जरा जास्तच वेळ. टॅब उघडला. "वीटभट्टीवरची माणसं... कधी येतात, कधी जातात," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "स्थलांतरित लिहू?"

"लिहा," मी म्हणाले.

जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नऊच्या आत आहे ना गं?" मी मान हलवली. चौदा वर्षांची नोकरी आहे त्यांची. मी कुणाला फसवायला निघाले होते!

२० जानेवारी, सोमवार

आठ आठवडे पुरे. आज सासूबाई बरोबर आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून!

दवाखान्याच्या दारातच घोळ. भिंतीवरची पाटी त्यांनी एकेक अक्षर लावून वाचली — "गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे" — आणि माझा दंड धरला. "चल घरी. हितं गुन्हा लिवलाय." मी म्हणाले, आत्या, मुलगा की मुलगी ते विचारणं गुन्हा. आपण ते विचारायला आलो नाही. "नक्की ना? मी जेलात गेले तर मोरूला कोन वाढनार?" गावातल्या निम्म्या बायका हीच पाटी वाचून परत फिरतात, ते मला आज नीट कळलं.

आतल्या टेबलावरची बाई कागद चाळत म्हणाली, "नवऱ्याची सही?"

मला उत्तर पाठ होतं. दहा दिवसांपूर्वीच चाळीस बायकांपुढे म्हटलेलं. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

तेवढ्यात शेजारून खणखणीत, "नवरा नको, सासू नको, सरपंच नको! बाई अठराच्या वरची आसंल तर तिची येकटीची सही पुरं. साधन फेल चालतं. पैसं पडत न्हाईत. नाव गुप्त!" टेबलावरची बाई बघतच राहिली. "आन सासू मीच हाय. माजीच सही लागत नाय, तर त्याची कशाला?"

बाकावरच्या बायका फसकन हसल्या. नाव गुप्त, पण आवाज दवाखानाभर. डॉक्टर मॅडम दारात आल्या. "आजी बरोबर बोलतायत. पाठवा त्यांना आत."

तपासलं, समजावून सांगितलं, सही केली. माझी. एकटीची. पहिली गोळी तिथेच घेतली. पैसे शून्य.

एसटीत विचारलं, "आत्या, बैठकीत तुम्ही झोपलेल्या नसता?"

"डोळे मिटून ऐकते गं. उघडे ठेवले का तुजी ती आतल्या अवयवांची चित्रं बघाय लागतात."

२२ जानेवारी

दुसऱ्या गोळ्या. दिवसभर पोट पिळवटत होतं. सासूबाई शेजारी बसून पाठ चोळत होत्या. ह्यांना सांगितलं, अंगावरून जास्त जातंय. हे गरम पाण्याची पिशवी घेऊन आले, वर शहाळं. चौकभर विचारून आले असणार, कुठलं शहाळं चांगलं!

चांगला आहे माणूस. सांगेन त्याला. आधी मला जरा उभी राहू दे.

३ फेब्रुवारी

पुन्हा तपासणी. सगळं साफ. मॅडम म्हणाल्या, बीपीही नॉर्मल आहे.

सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटेल म्हणून वाट बघत होते, ते थोडंच आलं आणि गेलं. येताना दोन वडापाव खाल्ले.

हे अजून पहाटे फिरायला जातात. असू दे, पोट कमी होतंय.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी सासूबाई आणि मी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होतो. हे ओटीवर घोरत पडलेले. वर न बघता सासूबाई म्हणाल्या, "माज्या टायमाला तुज्यासारखी कोन सांगनारी असती, तर मी पन गेले असते गं."

"कधी?"

"चोवीस वर्साची होते. तीन पोरं होती. चवथं नको होतं मला. कुनी इचारलंच नाय."

चौथं ओटीवर कूस बदलून पुन्हा घोरायला लागलं. सासूबाई जराशा त्याच्याकडे बघत राहिल्या. मग सुपातल्या शेंगा माझ्याकडे सारून उठल्या, आत गेल्या आणि त्याच्यासाठी तुपाची बरणी खाली काढून ठेवली.