घट्ट पाणी

प्रिय धाकट्या,

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू रडतोस, मग मी तुला समजावत बसते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. हात दुखतोय, अक्षर गोड मानून घे.

माझं काम तेच चाललंय. समुद्रातलं ते नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ बाटल्यांत वाढवायचं, पुरेसं वाढलं की त्याचं खत बंद करायचं आणि दिव्याखाली ठेवून द्यायचं. वाढ थांबते, पण उजेड आहे तोवर ते साखर करतच राहतं आणि जास्तीची अंगाबाहेर टाकतं. साखर म्हणजे चहातली नव्हे रे. कर्बोदकांचा बुळबुळीत चिकटा. पाणी दाट होत जातं, गाळण्या तुंबतात आणि मी दिवसभर त्या धूत असते. साहेबांना त्यातून जखमेवरचं मलम करायचंय. तू पहिल्यापासून म्हणतोस, ताईने शेंबूड गाळायची नोकरी धरली. म्हण बापडा.

घरी आले की पुन्हा तेच. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईला पातळ पाणी गिळता येत नाही, श्वासनलिकेत जातं. पेल्यात पावडर टाकून ते घट्ट करायचं, चमच्यावरून संथ घसरायला लागलं की पाजायचं. त्यात माझा हात धरणारं कोणी नाही. नर्सबाईसुद्धा मला विचारतात. लॅबमध्येही मी हेच करते, असं एकदा आईला सांगितलं तर ती वाकड्या ओठांनी इतकी हसली, की मला वाटलं ठसकाच लागतोय.

आता हसत नाही. दोन-तीन चमच्यांनंतर तोंड फिरवते. जीभ जड झालीय, पण बोलते ते कळतं: हा चिकटा नको, पाणी दे. साधं पाणी. मी चुचकारलं, रागावले, एकदा तर ओरडले आणि मोरीत जाऊन रडले. नळ सोडला की ती तिकडे बघत राहते. ओल्या फडक्याने ओठ पुसायला जावं, तर फडकंच चोखते रे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात नळी घातली तर दिवस वाढतील. नाहीतर ती मागेल ते, बसवून, सावकाश द्या; पण फुप्फुसात गेलं तर त्यातून ती उठेलच असं नाही. तू लगेच नळी म्हणालास. मी आईलाच विचारलं, दोन्ही नीट समजावून. नळीला तिने नको म्हणून मान हलवली. पुन्हा विचारलं तर डोळे वटारले, आपण लहानपणी खोटं बोललो की वटारायची तसे. मग मी नळीला नकार कळवून टाकला. रागव, भांड, पण इथे येऊन भांड. मी थकलेय.

काल सकाळी मी साध्या पाण्याचा पेला भरून तिच्याजवळ नेला. तिने पेल्याकडे पाहिलं आणि विचारलं, धाकटा? म्हटलं, बोलावते. तर तिने पेला बाजूला ठेवायची खूण केली. आई तहानलेली थांबलीय. लवकर ये.

तुझीच,
ताई