अकरा वेळा कोटिंग केलेला तवा

प्रिय भिंगरी,

दर रविवारी फोनवर मी तुला ‘आई बरी आहे, आत्ताच झोपली’ असं सांगत आलो, ते खरं नव्हतं. ती झोपलेली नसायची. स्वयंपाकघरात खाली बसून तवा घासत असायची आणि आवाज तुझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी मधलं दार लोटून घ्यायचो. मागच्या महिन्यात तू विचारलंस, ही खरखर कसली, तर मी फोनच बिघडलाय म्हणून वेळ मारून नेली. तुला पटलं नसणार. माझी थाप तू लहानपणापासून पहिल्याच वाक्यात पकडतेस. हल्ली पकडलीस तरी बोलून दाखवत नाहीस, एवढंच.

आईचं विसरणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं हे तुला ठाऊक आहे. चष्मा फ्रीजमध्ये, लाइटचं बिल उशीखाली, यावर आपण तिघं हसायचोसुद्धा. आता हसण्यासारखं काही राहिलेलं नाही. दुपारचे चार वाजत आले की ती आपला जुना काळा नॉनस्टिक तवा काढते, तारेची घासणी घेते आणि कोटिंग निघून खालचं पांढरं ॲल्युमिनियम दिसेपर्यंत घासत राहते. आणि कोण, तर ही बाई! जिनं जन्मात माझ्या तव्याला लोखंडी उलथनं लागू दिलं नाही, पाहुण्यांच्या हातातला चमचा काढून घेऊन लाकडी दिला. शेजारपाजारचे तिला इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचे ते उगाच नाही. घासणी लपवली तर कुंडीतली माती घेते, कुंड्या बाहेर ठेवल्या तर किल्लीनं खरवडते. तवाच लपवून पाहिला, तर तिनं सगळं घर पालथं घातलं आणि सापडेना तशी नखांनी ओटा खरवडायला लागली. ते मला बघवलं नाही, मी तवा आणून दिला. का घासतेस, असं विचारलं की आणखी जोरात घासते. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी वाद घालू नका. दुसरं डॉक्टरांकडेही काही नव्हतं.

मग मला जे येतं ते मी केलं. शनिवारी तवा पिशवीत घालायचा आणि माझ्या जुन्या कोटिंगच्या कारखान्यात जायचं. निवृत्त झालो तरी गेटवरचे अजून ओळखतात. भट्टीवाला तर माझ्याच हाताखाली तयार झालेला. विजेच्या कुकरच्या भांड्यांची रांग लागलेली असते, त्यात तो आपला तवा गुपचूप सरकवतो. उरलासुरला थर जाळायचा, वाळूचा मारा करून धातू खरबरीत करायचा, कारण गुळगुळीत धातूवर काहीच धरत नाही. मग कोटिंगचा पहिला हात, दुसरा, तिसरा, आणि शेवटी चारशे अंशांची भट्टी. तवा निवला की मी सवयीनं एका कडेला ब्लेडनं बारीक चौकोन आखतो, वर चिकटपट्टी दाबतो आणि खसकन ओढतो. पट्टीबरोबर एक चौकोन जरी निघाला तरी काम नापास. अकरा शनिवार झाले, एकही निघालेला नाही. घरी बायको अशी, आणि मी तिथे उभा राहून ‘हात अजून गेलेला नाही’ म्हणून खूश होतो! लाज वाटते, पण होतो.

पहिल्या दोन-तीन वेळा भट्टीवाल्यानं थट्टा केली, साहेब, घरी काय दगडगोटे परतता की काय म्हणून. नंतर त्यानं विचारणं सोडलं. गेल्या शनिवारी त्यानं तवा उजेडात धरला, तळाला अंगठा दाबला, तर तळ आत गेला. प्रत्येक वेळी वाळूचा मारा थोडा थोडा धातू घेऊन जातो, हे मी त्याला शिकवलं होतं; ते त्यानं मला समजावून सांगितलं. हा शेवटचा, म्हणाला. पुढच्या खेपेला भोकच पडेल.

तुझ्याकडे राहायला आलो होतो तेव्हाची एक सकाळ सारखी आठवते. तू अंडं केलंस, ते कढईला चिकटलं आणि तू निमूटपणे खरवडत उभी राहिलीस. ओट्यावर सगळी स्टीलची भांडी. ज्यानं बत्तीस वर्षं कोटिंग केलं, त्याच्या मुलीच्या घरात एक नॉनस्टिक भांडं नाही, अशी मी जावईबापूंसमोर तुझी चेष्टा केली. ते हसले, तू हसली नाहीस. हाच किस्सा मी कारखान्यातही रंगवून सांगत असे. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. मला ते माहीत होतं.

काल मी फिरून आलो तेव्हा चार वाजून गेले होते. नवं कोटिंग अर्धं निघालं होतं, तिची बोटं काळी झाली होती. तिनं वर पाहिलं आणि मला ओळखलं नाही. घाबरलीही नाही, उलट सुटका झाल्यासारखी म्हणाली, भाऊ, बरं झालं आलात, जरा हात लावा. पोरीनं तव्यावर ओरखडे पाडलेत, ते काही जात नाहीत हो. सगळाच घासून एकसारखा केला की त्यांना कळणार नाही. ते यायच्या आत व्हायला हवं, नाहीतर पोरीला मारतील.

भिंगरे, मी खाली बसलो. तिनं घासणीचा अर्धा तुकडा मला दिला आणि आम्ही दोघांनी मिळून तो तवा घासला. झाल्यावर तिनं विचारलं, आता नाही ना कळणार त्यांना? मी म्हटलं, नाही कळणार. तिनं पदराला हात पुसले, आणि मग पुन्हा तवा पुढे ओढला.

तू नऊ वर्षांची होतीस. वर्षभर रोज वापरून कोटिंग टिकतं की नाही हे बघायला मी तो तवा घरी आणला होता, अकरावा महिना चालू होता, आणि साहेब लोक तो बघायला येणार होते. आई तापानं पडून होती. तिला बरं वाटावं म्हणून तू भांडी घासलीस, तव्यावरचं काळं जळकं आहे असं समजून तोही घासलास, आणि साडेचारला मी कामावरून आलो तशी मला दाखवायला दारात घेऊन आलीस. नंतर घरात ‘बाबा एकदा ओरडले होते’ असं मीच म्हणत आलो. ओरडलो नव्हतो. मारलं होतं, एकदा नाही, दोनदा. आई मध्ये पडायला पलंगावरून उठली आणि चक्कर येऊन तिथेच खाली बसली. तिला पोचता आलं नाही. आता रोज चार वाजता ती पोचायला बघते. आणि मी मूर्ख, दर शनिवारी तोच तवा पुन्हा काळा करून तिच्या हातात देत होतो.

हे पत्र माफीचं आहे, पण तेवढंच नाही. मला तू माफ केलं नाहीस तरी चालेल, मागायलाच मी इतकी वर्षं लावली. पण तू ये. फोनवर तिला तुझा आवाज कळत नाही, आणि मी कितीही सांगितलं की पोरीचा बाप आता तिला मारणार नाही, तरी माझ्यासारख्या परक्या माणसाचं ती का ऐकेल? चारच्या आधी तिच्यासमोर येऊन बस आणि तूच तिला सांग, की बाबा येऊन गेले, त्यांनी तवा पाहिला आणि मला मारलं नाही.

तुझाच,
बाबा