चौदा नंबरची पट्टी

पप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी एका इन्शुरन्स कंपनीत आकडे जुळवत बसायचे, त्यामुळे मी आता काय काम करते हे तुम्हाला माहीतच नाही. गेली सात वर्षं मी एका फुटबॉल क्लबच्या बायकांच्या टीमसाठी खेळाडू पारखते. अमेरिकेत म्हणे कॉलेजमधल्या खेळाडूंची नावं ओळीनं पुकारतात आणि एकेक क्लब आपापल्या पाळीला एकेक उचलतो. आपल्याकडे इंग्लंडमध्ये तसं काही नाही. इथे युनिव्हर्सिटीच्या लीगमधल्या मॅचेस बघायच्या, व्हिडिओ मागवायचे, शंभर मुलींतून अठरा जणींना दोन दिवस ट्रायलला बोलवायचं आणि शेवटी एका खोलीत बसून ठरवायचं. यावर्षी एकच जागा होती. अठरा मुली आणि एक कॉन्ट्रॅक्ट.

पहिल्या दिवशी त्यांना पळवतो. दोन खांबांमध्ये अदृश्य किरण असतो, तो तुटला की घड्याळ चालू होतं. पहिले दहा मीटर वेगळे मोजतात, पुढचे वेगळे. मग अंगात घट्ट बनियन घालून खेळवतो, त्यात पाठीवर एक छोटं यंत्र असतं, ते कोण किती धावली, किती वेळा एकदम थांबली, सगळं सांगतं. फिजिओ गुडघे दाबून बघते. दुसऱ्या दिवशी नऊ-नऊ जणींची पूर्ण वेळाची मॅच, आणि संध्याकाळी प्रत्येकीशी पंधरा मिनिटं बोलणं. मुली हसतात, पाणी पितात, एकमेकींना 'ऑल द बेस्ट' म्हणतात, आणि आमच्यापैकी कुणी वहीत काही लिहिलं की अठराच्या अठरा माना वळतात. तुम्ही हे बघितलं असतं तर काय म्हणाला असतात, असं मला दर वर्षी वाटतं. खडकीच्या फॅक्टरीतल्या प्रमोशनच्या इंटरव्ह्यूबद्दल तुम्ही एकदाच बोलला होतात. आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग फाइल मिटली. मशीनबद्दल एकही प्रश्न नाही. त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही आईच्या नर्सिंगच्या नोकरीमागोमाग हाउन्सलोला आलात आणि एअरपोर्टच्या कार्गो शेडमध्ये लागलात, पण तो इंटरव्ह्यू तुमच्या बोलण्यात पुन्हा कधी आला नाही. म्हणूनच मी चौदा वर्षांची असताना जे केलं ते इतकं वाईट होतं.

तुम्हाला ते आठवत असणार. काउंटीच्या मुलींच्या टीमची ट्रायल होती. मला मिडफील्डला खेळायचं होतं आणि कोचबाईंनी मला डाव्या कोपऱ्यात बचावाला उभं केलं. वीस मिनिटांनी त्यांनी मला बाहेर बोलावलं तेव्हा मी अंगातलं बिब, ती टीम ओळखायची बिनबाह्यांची बंडी, काढून त्यांच्या पायाशी फेकलं आणि चेंजिंग रूममध्ये जाऊन बसले. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय झालं गं?" आई चपात्या लाटत होती, तुम्ही शिफ्टवरून येऊन नुकतेच बूट काढत होतात. मी म्हणाले, "त्या म्हणाल्या, एशियन मुली फुटबॉलमध्ये टिकत नाहीत." एक बूट तुमच्या हातात तसाच राहिला. आई म्हणाली, "जाऊ द्या, जेवा आधी." तुम्ही जेवला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकलीत. मला घेऊन दोन बस बदलून त्या मैदानावर गेलात, कामाचं ते पिवळं जाकीट अंगात तसंच. कोचबाई मैदानावरचे खुणेचे प्लास्टिकचे कोन गोळा करत होत्या. तुमचं इंग्लिश चांगलं होतं, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द तुम्ही आधी मनात तपासून बाहेर काढत होतात. तुम्ही म्हणालात, माझ्या मुलीला तुम्ही जे बोललात ते मला लिहून द्या, मी पुढे तक्रार करणार आहे. बाईंना कळेनाच. त्यांनी हातातले कोन खाली ठेवले, तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मी असं म्हणाले? तूच सांग." बाजूला तीन-चार मुली आणि त्यांचे आईवडील उभे होते. मी तुमच्या जाकिटाच्या चकाकत्या पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नो." तुम्ही हलला नाहीत. बाईंनी बिब फेकल्याचं सांगितलं, अगदी शांतपणे, तुम्हाला वाईट वाटू नये अशा आवाजात, आणि तेच जास्त लागत होतं. तुम्ही त्यांना "आय ॲम सॉरी, मॅडम" म्हणालात. कधी कुणाला मॅडम म्हणताना मी तुम्हाला ऐकलं नव्हतं.

बसस्टॉपवर बराच वेळ बस आली नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात. "मला जे लोक बोलले ते खरंच बोलले होते. तू ते उचलून स्वतःला लपवायला वापरलंस." मी रडायला लागले. "रडू नको, ऐक. उद्या खरोखर कुणी असं बोललं, तर त्या बाई ऐकतील का? तुझं राहू दे, दुसऱ्या कुठल्या मुलीचं ऐकतील का?" एवढंच. घरी आल्यावर तुम्ही आईला काही सांगितलं नाहीत. पुढच्या आठवड्यात तुम्ही शेडमधून माल मोजून नोंदवायचं एक कोरं टॅली बुक घेऊन आलात, लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं, आणि टीव्हीवर मॅच लागली की मला समोर बसवायला लागलात. "चार नंबर आत्ता काय करतोय? बॉलकडे नको बघू, त्याच्याकडे बघ. दिसतं तेवढंच लिही." माझं सगळं काम त्या वाक्यावर चालतं, पप्पा. पण बसस्टॉपवरच्या त्या दुसऱ्या बोलण्यानं माझं काय केलं हे तुम्हाला माहीत नाही. पुढे नोकरीत, मीटिंगमध्ये, कुणी काही बोललं की मी आधी स्वतःलाच विचारायचे, नक्की ऐकलंस का? लपायला तर वापरत नाहीस ना? आणि हे विचारून होईपर्यंत मीटिंग पुढे गेलेली असायची. अशा किती मीटिंगा गेल्या ते मी मोजलेलं नाही.

आता गेल्या गुरुवारचं सांगते. निवडीची खोली म्हणजे क्लबच्या ऑफिसमागची एक अरुंद खोली, भिंतीवर पांढरा लोखंडी बोर्ड, त्यावर अठरा चुंबकाच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एका मुलीचा नंबर. वरती हिरवा भाग, मध्ये पिवळा, खाली लाल. आम्ही पाच जण. टीमची मॅनेजर, फिजिओ, रिक्रूटमेंटचा हेड, मी आणि एक वयस्कर स्काउट, ज्याचा जन्म खेळाडू शोधत गावोगाव फिरण्यात गेला. दुपारी चारपर्यंत एक नाव वर कळवायचं होतं. अडीच वाजता हिरव्या भागात दोनच पट्ट्या उरल्या. सात नंबर आणि चौदा नंबर. चौदा नंबरची मुलगी लेस्टरची, आजी-आजोबा पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती, ती मिडफील्डला खेळते, बॉल पायाशी यायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघते. मला तिचा खेळ आवडला होता. कुणाला सांगितलं नव्हतं.

हेडनं स्काउटच्या कागदावरून वाचलं, "चौदा. दुसऱ्या दिवशी मॅच चालू असताना तीन मिनिटं खेळ सोडून बाजूला गेली. कुणालाही विचारलं नाही." मॅनेजरनं ओठ बाहेर काढले. हेडनं पट्टी पिवळ्यात सरकवली. मग स्काउट खुर्चीत मागे रेलून, जसं हवेबद्दल बोलावं तसं, म्हणाला, "आणि खरं सांगायचं तर अशा घरांचं मला माहीत आहे. दोन वर्षांत लग्न लावून देतात. आपली मेहनत वाया." कुणी हसलं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. हेडचा हात अजून पट्टीवर होता. त्यानं ती आणखी थोडी खाली ढकलली, लाल रेघेला टेकेपर्यंत.

पप्पा, माझे कान गरम झाले. मी नक्की ऐकलं होतं. तरी पहिला विचार आला तो तोच, की थांब, तुला नक्की काय दिसलं? मला त्या तीन मिनिटांतलं काहीच दिसलं नव्हतं, मी दुसऱ्या बाजूला उभी होते. मी म्हणाले, "मला दहा मिनिटं द्या. वरच्या कॅमेऱ्याचं फुटेज बघायचं आहे." हेडनं घड्याळ बघितलं. "ॲटिट्यूडच्या नोटसाठी फुटेज? लुक, आपल्याकडे वेळ नाही." मी लॅपटॉप उघडला होता. पासवर्ड दोनदा चुकला.

सापडलं. एका टोकाला एक मुलगी पडलेली, फिजिओ आणि रेफरी तिच्यापाशी धावलेले. आणि लांबच्या टोकाला, जिकडे कुणाचंच लक्ष नाही, दुसऱ्या टीमची नऊ नंबर उभी आहे, पण उभी कसली, डोलते आहे. थोडं मागे नेलं तर दिसलं, दोघींच्या डोक्यांची टक्कर झाली होती, त्यातली एकच खाली पडली, नऊ नंबर तशीच चालत लांबच्या टोकाला गेली. चौदा नंबर आपली जागा सोडून जाते, नऊ नंबरला दंडाला धरते, लाइनपलीकडे गवतावर बसवते, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून तिच्या डोळ्यांपुढे बोटं धरते. मग फिजिओच्या दिशेनं हात हलवते आणि आपल्या जागी परत जाते. तीन मिनिटं.

मी लॅपटॉप वळवला. फिजिओ पुढे वाकली. "ओह गॉड. नऊ नंबरला मी नंतर तपासलं, तिला मेंदूला धक्का बसला होता, मी तिला घरी पाठवलं. तिला तिथे कुणी बसवलं ते मला कळलंच नव्हतं." स्काउट म्हणाला, "मी त्या बाजूला नव्हतो, लांबून ती जाताना दिसली एवढंच." हेड म्हणाला, "फेअर इनफ, नोट काढून टाकू," आणि पट्टी परत वर नेली. प्रकरण मिटलं असं खोलीनं ठरवलं.

"आणि लग्नाचं?" मी म्हणाले.

स्काउट म्हणाला, "ते मी सहज बोललो." मी म्हणाले, "तुम्ही बोललात तेव्हा पट्टी अजून खाली गेली. मी बघत होते." हेडचा चेहरा लाल झाला. तो हळू आवाजात म्हणाला, "तुला या मुलीत तू स्वतः दिसतेस का? तसं असेल तर सांग, काही हरकत नाही." मी म्हणाले, "नाही. मी तिच्यापेक्षा लहान असताना कोचच्या पायाशी बिब फेकलं होतं." मॅनेजर पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागली. ती म्हणाली, "ते वाक्य मीटिंगच्या मिनिट्समध्ये, नोंदीत लिही. तो जे बोलला ते. आणि मग पुढे जाऊ." मी लिहिलं. जसं ऐकलं तसं, एक शब्द इकडेतिकडे न करता. दुसऱ्या दिवशी क्लबकडे लेखी तक्रारही दिली. अजून उत्तर आलेलं नाही.

साडेतीनला हात वर करून मत घ्यायचं ठरलं. सात नंबर की चौदा. इथे मला माझेच आकडे मांडायचे होते. सात नंबर डाव्या पायानं खेळणारी, आपल्या टीममध्ये डाव्या पायाची एकही नाही. शिवाय मॅचच्या शेवटच्या वीस मिनिटांत ती पहिल्या वीस मिनिटांइतकीच धावत होती, चौदा नंबर मंदावली होती. माझ्या कागदावर हे सगळं आदल्या रात्रीच लिहिलेलं होतं. मी ते वाचून दाखवलं. पाचही हात सात नंबरला वर झाले. त्यात माझाही.

मुलींना फोन करायचं काम माझं असतं. चौदा नंबरला मी शेवटी केला. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, "खरं कारण सांगाल का? आई म्हणते, त्यांनी आधीच ठरवलेलं असतं." मी तिला डाव्या पायाचं सांगितलं, शेवटच्या वीस मिनिटांचं सांगितलं, काय सुधारता येईल ते सांगितलं. ती लिहून घेत होती, पेनाचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "माझ्या घराबद्दल कुणी काही बोललं का?" मी गाडीत बसले होते, क्लबच्या पार्किंगमध्ये. खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "हो. एक जण बोलला. मी ते लिहून दिलं आहे. पण तुझी जागा त्यामुळे गेली नाही." तिकडे पेन थांबलं. "तुम्हाला खात्री आहे?" तिनं विचारलं, अगदी लहान आवाजात, आणि मी तिला "हो" म्हणाले. एक क्षणही न घालवता. ती म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी," आणि रडायच्या आत फोन ठेवला.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते. आकडे खरे होते, पप्पा, आजही कुणी मागितले तर तेच देईन. पण मत द्यायच्या वेळी माझा हात मांडीवरून उचलला गेला आणि खांद्यापर्यंत येऊन थांबला, कारण मी आधी त्या चौघांकडे बघितलं. त्यांचे हात वर होते. मग माझा गेला. तो आकड्यांमुळे गेला की त्यांच्यामुळे, हे स्वतःला न विचारताच मी त्या मुलीला 'हो' म्हणाले.