शेड एकाच टीमला द्यायची का?

गुरुवार, संध्याकाळ

ताईच्या होसकोटेच्या नव्या मशरूम शेडचं आज ठरणार होतं. ठरलं नाही. डिझाइन आणि बांधकाम दोन्ही एकाच टीमला द्यायचं, असं ताईचं म्हणणं. बाबांना ते पटत नाही. रिटायर होईपर्यंत त्यांनी सरकारी कंपनीत दुसऱ्यांची ड्रॉइंगच तपासली.

"स्वल्प थांब गं. ज्यानं काढलं तोच बांधणार, मग चूक कोण पकडणार?"

"जुन्या शेडला दोघं वेगळे होते ना? तरी दार अरुंद झालंच. आर्किटेक्ट म्हणे कॉन्ट्रॅक्टरची चूक, कॉन्ट्रॅक्टर म्हणे ड्रॉइंगच तसं. ट्रॉली अजून आत जात नाही, बाबा!"

ते दार डोक्यातून जातच नाही. दोघांनी केलं, पण कुणाचंच नाही असं दार. पण बाबांचंही कुठे चुकतंय? मीच लिहिते, मीच तपासते, आणि माझी चूक मला कधी दिसलीये?

शेवटी ताई वैतागली. "मग तुम्हीच पकडा चुका! दर आठवड्याला या साइटवर."

जेवताना बाबा भात कालवत म्हणाले, "रविवारी सकाळी होसकोटेला ट्रॅफिक नसेल, नाही का?"